आमचे व्याही आणि चुन्याची रेघ

आमच्या व्याह्यांइतका लबाडीने हादरणारा माणूस या बेटावर दुसरा उतरला नसेल, आणि त्यांच्याइतक्या हौसेने लबाडी हुडकत हिंडणाराही उतरला नसेल. साहेबलोक या बेटाला मॉरिशस म्हणतात, आम्ही मिरीच म्हणतो. मुंबईहून आम्ही दोघे एकाच जहाजातून इथे आलो. तेव्हा आम्ही व्याही नव्हतो, नुसते शेजारी शेजारी ओकणारे दोन तरुण नवरे होतो. त्याही अवस्थेत हा गृहस्थ कठडा धरून, डोळे बारीक करून समुद्राकडे बघत असे. एके सकाळी त्यांनी माझा दंड आवळला आणि पांढऱ्याफटक चेहऱ्याने म्हणाले, "ह्ये पानी काल बी हितंच व्हतं." म्हणजे काय, ते मला कळेना. मग त्यांनी समजावलं, की कप्तान आपल्याला एकाच जागी गोल गोल फिरवतोय आणि शेवटी परत मुंबईलाच उतरवून 'हेच मिरीच' म्हणून सांगणार आहे. मी स्वभावाने भोळा. माझ्या बायकोकडे यासाठी दुसरा शब्द आहे. मीही कठडा धरून पाण्यावर नजर ठेवू लागलो. पुढे अनोळखी डोंगर दिसले, उसाचे मळे दिसले, आमची बोली न कळणारी माणसं दिसली, तेव्हा कुठे माझा जीव भांड्यात पडला. व्याह्यांचा पडला नाही. त्यांनी हाताला लागलेलं पहिलं उसाचं कांडं मोडून चाखलं आणि "सातारकडचाच लागतोय" असं म्हणून संशयाने मान हलवली.

त्यांचा हा गुण खरा फुलून यायचा तो खेळात, आणि त्यातही पैज लागलेल्या खेळात. कांप दे मास्कच्या ज्या मळ्यावर आम्हाला नेमलं होतं, तिथे रविवारी दुपारी मजुरांच्या वस्तीमागे कोंबडे झुंजायचे. झुंज कितीही लांब असो, व्याही तिथे सगळ्यांच्या आधी हजर. पितों गावाला झुंज आहे म्हणून कळलं, तर पहाटे भाकरी बांधून तिकडे चालत जायचे. आणि तिथे जाऊन काय करायचे, तर दोन्ही कोंबड्यांचे तुरे, पंख, नख्या निरखून बघायचे आणि परत येऊन मला कुजबुजत सांगायचे, "दोन्ही येकाच कोंबडीची अंडी हायत. भाऊभाऊ हायत. काय करायचं त्ये घरनंच ठरवून आल्यात." मी थक्क होऊन बघत राही. समोर रक्त उडत असायचं, पिसं उडत असायची, आणि हा माणूस म्हणायचा की ही घरगुती बोलणी चालू आहेत. बरं, एवढं असून पैज लावल्याशिवाय ते राहायचे नाहीत. तंबाखूची पुडी, नवा पंचा, एकदा तर डोक्यावरचं मुंडासं त्यांनी लावलं. हरले तर "बगितलं? म्या म्हनलं न्हवतं?" म्हणून खूश व्हायचे. जिंकले की मात्र त्यांचा चेहरा उतरायचा. आपल्याच बाजूने लबाडी झाली, हा धक्का त्यांना सोसायचा नाही. एकदा अशीच एक तांबडी कोंबडी त्यांनी जिंकली. ती त्यांनी कापू दिली नाही आणि तिची अंडीही घरात येऊ दिली नाहीत, कारण ती हरामाची. विहीणबाई चुलीपुढे बसून कपाळाला हात लावायच्या. ती अंडी माझी बायको गोळा करायची, आणि आमच्या घरात ती कुणालाही हरामाची लागली नाहीत.

नागपंचमीला आम्ही मराठी माणसं वस्तीवर कुस्त्या लावायचो. पाठ टेकली की नाही यावर वाद झाला, तर पाठीला लागलेली माती बघून निकाल द्यायचा, ही आपली जुनी रीत. व्याही त्या मातीवरही विश्वास ठेवायचे नाहीत. एका वर्षी एक पैलवान चांगला खणखणीत चीत झाला, लोकांनी टाळ्या वाजवल्या, आणि हे आत शिरून त्या पडलेल्या माणसाच्या पाठीवरची माती चिमटीत धरून हुंगू लागले. "ही आखाड्यातली न्हाई. ही उसाच्या सरीतली माती हाय. ह्यो घरनंच पाठ माखून आलाय." तो पैलवान बिचारा सकाळपासून उसात राबून तसाच आला होता, त्याच्या पाठीला सरीतली माती नसती तरच नवल. पण व्याह्यांनी ते इतक्या तळमळीने सांगितलं, की क्षणभर मलाही वाटलं, अरे बापरे, आता माणसं पाठीसुद्धा घरून तयार करून आणायला लागली.

पण घोड्यांच्या शर्यतीचं प्रकरण या सगळ्याच्या वरताण. बेटावर उतरून आम्हाला महिनाही झाला नसेल. पोर्ट लुईला डोंगराच्या पायथ्याशी शां दे मार्स नावाचं मोठं मैदान आहे, तिथे गोरे लोक घोडे पळवतात, आणि त्या दिवशी मळ्यांवरची माणसं गाड्या भरभरून जातात. आमचा सरदार, म्हणजे मुकादम, रत्नागिरीकडचा. तो आम्हाला शेतात 'चला, चला' असंच हाकायचा, त्यामुळे इथल्या क्रियोल बोलीचा एक शब्दही अजून आमच्या कानाला लागला नव्हता. व्याह्यांनी जहाजातल्या एका सोबत्याशी काळ्या घोड्यावर आपली घोंगडी लावली होती. घोडे ओळीत उभे राहिले. लाल तोंडाचा एक साहेब चौथऱ्यावर चढला, त्याने हातातलं निशाण खाली मारलं आणि ओरडला, "आले!"

घोडे अजून जागचे हललेही नव्हते. व्याह्यांनी माझ्याकडे बघितलं, मी त्यांच्याकडे. दोघांच्याही तोंडाचा आ तसाच राहिला. "सुटलं न्हाईत, आन ह्यो म्हनतो आले?" ते म्हणाले. "म्हंजी कोन आले, त्ये ह्यास्नी आदीच ठाव हाय." एवढं मोठं मैदान, एवढी गर्दी, छत्र्या घेतलेल्या मडमा, आणि एवढी उघड चोरी होऊनही कुणाच्या कपाळावर आठी नाही. व्याही घोंगडी तिथेच सोडून, शर्यतीकडे पाठ करून तरातरा चालू लागले आणि मीही त्यांच्या मागे. काळा घोडा जिंकला की हरला, ते आम्हाला आजतागायत कळलेलं नाही.

वस्तीवर ही बातमी सांगितली तेव्हा आमची सगळी मराठी माणसं हादरली. बायकांनी तोंडाला पदर लावले. म्हाताऱ्यांनी राणीच्या राज्याबद्दल काय काय म्हटलं, ते इथे लिहिण्यासारखं नाही. पुढे वर्षं गेली, क्रियोल आमच्याही तोंडी बसली, आणि 'आले' म्हणजे त्या बोलीत 'चला, निघा' असं कळलं. मी पोट धरधरून हसलो. व्याही हसले नाहीत. ते म्हणाले, "चला म्हनायचं तर सरळ चला म्हनावं. आले कशापायी म्हनायचं?"

अशा माणसाशी मी सोयरीक का केली, असं मला बरेच जण विचारायचे. त्यांची एकुलती एक लेक गंगू आणि माझा म्हादू एकाच वस्तीत वाढले, एकाच ओढ्यावर बैल धुवायला जायचे, तेव्हा सोयरीक त्यांनीच केली होती, आम्ही फक्त हळद लावली. लग्नातसुद्धा व्याह्यांनी माझी लाज काढायची ती काढलीच. अंतरपाट धरलेला, मंगलाष्टकं चाललेली, सगळ्यांच्या हातात अक्षता, आणि वधूचा बाप उठून खाली वाकला आणि अंतरपाटाखालून मुंडकं पलीकडे काढून बघू लागला. मंगलाष्टकं म्हणणारा मध्येच अडखळला. "काय झालं?" मी घाबरून विचारलं. "काय न्हाई," ते गुडघे झटकत म्हणाले, "पोरगा त्योच हाय का बगितलं." गंगू अंतरपाटाआड खुदकन हसली. तिला बापाचं भारी कौतुक. आपल्या बापाच्या नजरेतून काही सुटत नाही, हे ती सासरी येऊन माझ्या बायकोला दिवसातून दहादा ऐकवायची.

आता मुख्य गोष्ट सांगतो. ऊसतोडीला इथे लाकूप म्हणतात. ती आटोपली की नव्या वर्षाची सुट्टी येते, तिला बनाने म्हणतात, आणि बनानेच्या दिवशी आमच्या मळ्यावर बैलगाड्यांची शर्यत व्हायची. त्या वर्षी मळ्याच्या धन्याने सांगून टाकलं, की जो गाडा जिंकेल त्याला पुढच्या लाकूपीला ऊस कारखान्यापर्यंत वाहायचं काम मिळेल. म्हादूचा करार संपला होता. उन्हात उसाच्या सरी खणण्यात त्याला आता जन्म काढायचा नव्हता, त्याने बैलजोडी घेतली होती. हे काम मिळालं तर दोघं पोरं आमच्या डोळ्यांसमोर राहणार होती. नाही मिळालं, तर गाडीवान हवे होते ते बेटाच्या पार दक्षिणेला, शमें ग्रेनिएला. तिकडे गेलं की लेक-जावयाची भेट वर्षाकाठी एखादी. म्हादूच्या जोडीतला ढवळ्या गंगूने वासरापासून वाढवलेला. ती त्याच्या कानात रोज काहीतरी सांगायची.

शर्यतीचा पंच कोण, यावरून दर वर्षी डोकी फुटायची. आदल्या वर्षीच्या पंचाच्या तोंडाला रमचा वास येत होता, म्हणून त्याचा निकाल कुणी मानला नव्हता. तेव्हा या खेपेला बिसेसर नावाचा भोजपुरी गाडीवानच पुढे झाला. त्या वर्षी गाडे दोनच उतरणार होते, एक म्हादूचा आणि दुसरा या बिसेसरचा. तो सगळ्यांसमोर व्याह्यांकडे बोट करून म्हणाला, "पंच ई होइहें. ई त अपना बापो के चोर कही." स्वतःच्या बापालाही चोर म्हणणारा पंच म्हणून लोक हसले, पण सगळ्यांना पटलं. हे म्हादूचे सासरे आहेत, असं कुणीतरी म्हणालं, तर बिसेसर म्हणाला, तरी हेच. या बेटावर इतक्या वर्षांत व्याह्यांवर कुणी उघड विश्वास टाकण्याची ही पहिली वेळ. त्यांना तो फार मोठा धक्का बसला. त्यांनी जेवण टाकलं. ते माझ्या अंगणात येऊन बसायचे आणि मधूनच विचारायचे, "त्यो बिसेसर असं का म्हनला असंल? काय डाव हाय त्येचा?"

बनानेच्या आदल्या दिवशी ते चिन्याच्या दुकानात मीठ आणायला गेले होते. पोत्यांच्या पलीकडे कुणीतरी हसत हसत म्हणालं, "शर्यत झाल्यातच जमा. सासरा पंच, जावई गाडीवान." दुसरे हसले. हे व्याह्यांनीच मला येऊन सांगितलं, मीठ न घेता. हे वाक्य त्यांनी आयुष्यभर दुसऱ्यांबद्दल म्हटलं होतं. तेच स्वतःबद्दल सांगताना त्यांचं तोंड असं काही झालं, की मीच त्यांना पाणी दिलं.

दुसऱ्या दिवशी त्यांनी जी व्यवस्था लावली, ती बघून मळ्याचा धनीसुद्धा खुर्चीवरून उठून उभा राहिला. दोन्ही गाड्यांच्या चाकांना घातलेलं वंगण त्यांनी बोटाने चाटून बघितलं. दोघा गाडीवानांचे आसूड बदलायला लावले, न जाणो आसुडात काही असलं तर. रस्त्यावर चुन्याची रेघ त्यांनी स्वतः ओढली. तिथून सुटायचं, लांबच्या सुरूच्या झाडाला वळसा घालायचा आणि परत त्याच रेघेवर यायचं. ज्याच्या बैलाचं मुस्कट रेघेवरून आधी जाईल, तो जिंकला. गर्दी रेघेपासून लांब, पार बांधापलीकडे हाकलली, कारण गर्दीचं काही सांगता येत नाही. मग मला म्हणाले, "इवाई, तुमी रेघंच्या त्या टोकाला हुबं ऱ्हावा. माज्यावर नजर ठिवा. पंचावर बी कोनाची तरी नजर पायजे." मी म्हटलं, अहो, मी म्हादूचा बाप. माझं कोण ऐकणार? "म्हनूनच," ते म्हणाले. "तुमी बोलायचं न्हाई. निस्तं बगायचं."

सुटताना पुन्हा गोंधळ. 'आले' म्हणायला ते मरेपर्यंत तयार झाले नसते. त्यांनी हात वर केला आणि खणखणीत आवाजात ओरडले, "सुटा!" म्हादूचे बैल उधळले. बिसेसर जागेवरच, गोंधळून इकडेतिकडे बघतोय. भोजपुरीत 'सूतल' म्हणजे झोपणं. "सूते के कहत बाड़न का?" त्याने विचारलं. भर उन्हात, शर्यतीच्या रेघेवर, पंच आपल्याला झोपायला सांगतो म्हणून तो बिचारा हबकला होता. म्हादूला परत बोलावलं. मग भाषेचा संबंधच नको म्हणून व्याह्यांनी डोक्यावरचं मुंडासं काढलं, उंच धरलं आणि खाली टाकलं. गाडे सुटले.

सुरूच्या झाडाला दोन्ही गाड्या एकदमच वळल्या. येताना धुळीचा लोट असा होता, की बांधावरच्या लोकांना बैल दिसतच नव्हते, नुसता आवाज. रेघेपाशी आम्ही दोघेच. मी खाली वाकलो होतो, व्याही समोरच्या टोकाला वाकलेले. धुळीतून आधी ढवळ्याचं मुस्कट बाहेर आलं. त्याच्या तोंडाचा फेस माझ्या डोळ्यांदेखत चुन्यावर पडला, आणि त्यानंतर वीतभर मागून बिसेसरचा बैल आला. मग चाकं गेली आणि रेघच पुसली. पोरं जवळ राहणार. मी मान वर करून व्याह्यांकडे बघितलं. त्यांनी बोडकं डोकं वर उचललं, बांधाकडे तोंड केलं, आणि म्हणाले, "बिसेसर."

मला वाटलं मी चुकीचं ऐकलं. बांधावर एकच गलका उठला. स्वतःच्या जावयाला हरवणारा पंच या बेटावर कुणी बघितला नव्हता. म्हादूवर पैज लावलेल्यांनी आपापल्या कोंबड्या मुकाट्याने देऊन टाकल्या, कारण खुद्द सासराच म्हणतोय, तर आता बोलायचं काय. त्या मळ्यावर भांडणाशिवाय मिटलेली ती पहिली शर्यत. लोकांनी व्याह्यांना खांद्यावर घेतलं. बिसेसर मात्र बैलांचे कासरे धरून म्हादूकडे बघत उभा होता, आणि त्याच्या तोंडावर आनंदापेक्षा आश्चर्यच जास्त होतं. म्हादू गाडीवरून उतरला आणि ढवळ्याच्या गळ्याला हात घालून उभा राहिला. मी जवळ गेलो, तर तो एवढंच म्हणाला, "मो पा कोने, बा. मला काय ठाव? मामा म्हनले, म्हंजी झालं."

घरी परतताना मी व्याह्यांना उसाच्या वाटेवर गाठलं. मी संतापानेच विचारलं.

"इवाई, तुम्ही काय बघितलं?"

"तुमी बगितलं त्येच."

मी जागच्या जागी थांबलो. मला वाटलं होतं धूळ होती, डोळे चुकले म्हणतील. "मग बिसेसरचं नाव कसं घेतलंत?"

"म्हादूचं घ्याया तोंड उगडलं," ते म्हणाले, "आन त्या पोत्यामागचं हसनं आईकू आलं. म्हनले असते, बगा, दिली जावयाला."

"म्हणेनात का. खरं होतं ना?"

"खरं व्हतं, पन खरं दिसलं नसतं." ते म्हणाले. मग एकदम म्हणाले, "आत्ता जातो. धन्याला सांगतो, म्या खोटं बोललो."

ते वळलेसुद्धा. आणि मीच त्यांना धरलं. कारण मला दिसलं, की आता ते काहीही बोलले तरी लोक म्हणणार, म्हाताऱ्याला लेकीने रडून फिरवला. त्यांनाही ते दिसलं असावं. ते तिथेच बांधावर बसले. इतकी वर्षं या माणसाने बेटावरची प्रत्येक झुंज, प्रत्येक कुस्ती, प्रत्येक घोडा ठरवून पळवलेला आहे म्हणून रान उठवलं होतं, आणि कुठे काही निघालं नव्हतं. जी एक शर्यत खरोखर खोटी झाली, तिच्याबद्दल कुणालाच संशय आला नाही, आणि ती यांनी स्वतः केली होती. मला त्यांची कीव करावी की त्यांना झोडावं, ते कळेना.

पोरं शमें ग्रेनिएला गेली. गंगूने गाडीत भांडी चढवली, विहीणबाईंच्या गळ्यात पडून रडली, आणि बापाच्या पाया पडून उठली तेव्हा मात्र ताठ उभी राहिली. "आबा, तुमी बरोबर केलं," ती म्हणाली. "मला वाईट वाटत न्हाई." व्याही गाडीच्या जोखडाला हात लावून वस्तीबाहेरपर्यंत चालत गेले. मग गाडी पुढे गेली आणि त्यांचा हात तसाच हवेत राहिला.

त्यानंतर ते पालटले. कोंबड्यांच्या झुंजीला यायचे, मागे उभे राहायचे, आणि निकाल काही लागो, "बरोबर हाय" म्हणायचे. नागपंचमीला एका पैलवानाची पाठ टेकली नाही हे आंधळ्यालाही दिसलं असतं, तरी पंचाने त्याला हरवला, आणि व्याही म्हणाले, "पंचाला दिसलं असंल." मी चक्रावलो. मुद्दाम त्यांना डिवचायला जायचो. "इवाई, हे दोन कोंबडे एका अंड्यातले दिसतात," असं मीच म्हणायचो. ते माझ्याकडे ओशाळून बघायचे आणि म्हणायचे, "नसतील हो." इतकी वर्षं त्यांच्या संशयाला मी वैतागलो होतो, आणि आता त्यावाचून मला रविवार खायला उठायचा.

एका सुट्टीत आम्ही दोघे पोरांना भेटायला शमें ग्रेनिएला गेलो. झोपडी नीट सारवलेली, दारात भोपळ्याचा वेल, मागे ढवळ्या. गंगूने आम्हाला जेवायला बसवलं आणि शेजारच्या बायकांना हाका मारून बोलावलं. "ह्येच माजं आबा," ती म्हणाली. "म्या सांगितलं न्हवतं? सोताच्या जावयाला हरवलं, पन खोटं बोलले न्हाईत." मग ती सगळी गोष्ट तिने पहिल्यापासून सांगितली, वंगण, आसूड, मुंडासं, धूळ. बायका व्याह्यांकडे देवाकडे बघावं तशा बघत होत्या. या परमुलखात, नात्यागोत्याचं कुणी नसताना, त्या गोष्टीवर तिने आपलं घर उभं केलं होतं. व्याह्यांच्या हातातला घास हातातच राहिला. त्यांनी तोंड उघडलं. मला वाटलं, सांगणार आता. मग त्यांनी लेकीच्या चेहऱ्याकडे बघितलं, तोंड मिटलं, आणि खाली मान घालून भात कालवत राहिले.

हात धुवायला मागे गेलो, तर म्हादू पाणी घालायला आला. "बा," तो हळूच म्हणाला, "गाडीवरनं दोन्ही जोड्यांची शिंगं दिसत्यात. कोन म्होरं व्हतं त्ये बी." म्हणजे याला पहिल्यापासून ठाऊक होतं. "मग बोलला का नाहीस?" मी विचारलं. त्याने आत भांडी आवरणाऱ्या बायकोकडे बघितलं. "हिला कसं सांगू? आनि मामांना तरी कसं सांगू, का मला ठाव हाय?" त्याने माझ्या हातावर पाणी घातलं आणि ढवळ्याला गवत टाकायला गेला.

मोठ्या तापाच्या वर्षी व्याही गेले. त्या वर्षी बेटावर घराघरातून माणसं गेली, त्यामुळे रडायलाही कुणाला धड सवड नव्हती. शेवटच्या आजारात ते भ्रमात काय काय बोलायचे, त्यात चुन्याची रेघ असायची. शुद्धीवर आले की विचारायचे, "म्या काय बोललो? गंगू व्हती का हितं?" मी म्हणायचो, नव्हती. ती असायची, बापाची शुश्रूषा करायला आली होती, पण भ्रमातलं बोलणं तिने कधी मनावर घेतलं नाही.

आता विहीणबाई पोरांकडेच असतात, आणि मी अधूनमधून जाऊन राहतो. मागच्या खेपेला तिकडच्या वस्तीवर कुठल्याशा झुंजीवरून भांडण पेटलं होतं, पंच विकला गेला म्हणून. गंगू मला वाढत होती. दारात बसलेल्या शेजाऱ्यांना ती म्हणाली, "समदेच काय इकले जात न्हाईत. माज्या आबांना इचारायला पायजे व्हतं." मग माझ्याकडे वळून म्हणाली, "मामंजी, तुमी व्हता ना रेघंवर? सांगा की ह्यास्नी." म्हादू कोपऱ्यात दोर वळत होता, त्याचे हात थांबले. मला त्या बोडक्या डोक्याची, गाडीमागे हवेत राहिलेल्या हाताची, त्या खुळ्या भल्या माणसाची फार आठवण आली.

"व्हय," मी म्हणालो. "असा पंच या बेटावर पुन्हा झाला नाही."

गंगूने पदराने डोळे पुसले आणि मी नको म्हणत असताना मला आणखी भात वाढला.